करार फिसकटला, शेषाधिकार दिल्लीला

केंद्र बळकट नसेल तर देशाचे तुकडे होतील, हे वाक्य इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते सिद्धान्तच मानले जाते. वास्तविक त्याला जन्मतारीख आहे.

१३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीपुढे मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात घटक राज्ये स्वायत्त राहतील आणि शेषाधिकारही त्यांच्याकडेच असतील, असे स्वच्छ म्हटले होते. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि ५ जुलैला, अवघ्या बत्तीस दिवसांत, नेहरूंच्याच अध्यक्षतेखालील समितीने शेषाधिकार केंद्राकडे वळवले! म्हणजे राज्यांची स्वायत्तता तत्त्व म्हणून स्वीकारलेलीच नव्हती. मुस्लिम लीगला एका देशात राखण्यासाठी मोजायची ती किंमत होती. करार फिसकटला, किंमत परत घेतली गेली. दंगली, निर्वासितांचे लोंढे आणि पाचशेहून अधिक संस्थाने यांनी वेढलेल्या त्या उन्हाळ्यातील भीती निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका उन्हाळ्याची भीती पिढ्यानपिढ्यांची राज्यव्यवस्था का व्हावी?

रिकामी जागा भरायला १९३५ चा कायदा तयारच होता. त्याच्या ९३ व्या कलमाखाली १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नराने हाती घेतला होता. तेच हत्यार ३५६ व्या कलमाच्या रूपाने स्वतंत्र भारताच्या घटनेत आले. हे कलम निर्जीव अक्षरेच राहावे, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये व्यक्त केली. १९५१ साली पंजाबात ती संपली. आणि १९७७? समाजवादी मंत्री ज्या मंत्रिमंडळात बसले होते, त्या जनता सरकारने नऊ विधानसभा विसर्जित केल्या. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नेमक्या नऊच विसर्जित करून हिशेब चुकता केला. त्यात महाराष्ट्राचे पुलोद सरकार गेले. त्या वेळी लोकशाहीच्या नावाने टाहो फोडणाऱ्यांना तीन वर्षांपूर्वीचे स्मरण झाले नाही.

१९९४ च्या बोम्मई निकालाने या हत्याराला म्यान घातले. परंतु ज्याच्या हाती तिजोरी, त्याला तलवार कशाला? पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला, हे अभिमानाने सांगितले जाते. उपकर आणि अधिभार त्या वाटणीच्या बाहेर असतात, हे हलकेच गाळले जाते. वस्तू व सेवा कर परिषदेत निर्णयाला तीन-चतुर्थांश मते लागतात. केंद्राकडे एक-तृतीयांश मते आहेत, म्हणजे सगळी राज्ये एक झाली तरी त्यांच्या हाती दोन-तृतीयांशच! याला सहकारी संघराज्य म्हणतात.

मात्र दिल्लीकडे बोट दाखवून राज्यकर्त्यांना सुटता येणार नाही. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली आणि महापालिका भरपाईसाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे पाहू लागली. मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या सभागृहाऐवजी प्रशासकाने कारभार पाहिला. नाव बदलले, पण हे ९३ वे कलमच नव्हे काय? डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव आणि जिल्हा हेही खांबच होते. मंत्रालयात बसून दिल्लीकडे स्वायत्तता मागणाऱ्यांनी आधी जिल्हा परिषदेच्या हाती काय ठेवले आहे ते सांगावे.