वाघनखांची पेटी आणि रिव्हॉल्व्हरचा क्रमांक

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये रघुजी भोसले यांची तलवार मुंबईत दाखल झाली; राज्य सरकारने ती लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली होती. दोन्हींचे स्वागत सारख्याच उत्साहाने झाले. पुराव्याच्या तराजूत मात्र दोन्हींचे वजन सारखे नाही. तलवारीच्या पात्यावरच रघुजींचे नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हे पद कोरलेले आहे. वाघनखांच्या बाबतीत शिवरायांचे नाव आहे ते त्यांच्या पेटीवर, आणि ती पेटी ग्रँट डफ यांच्या काळातली. अफझलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच, हे सिद्ध करता आलेले नाही, असे संग्रहालयानेच प्रांजळपणे सांगितले आहे.

नाव शस्त्रावर आहे की पेटीवर, हा प्रश्न सरकारपुरता मर्यादित नाही. जुने रिव्हॉल्व्हर संग्रहासाठी विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायला हवा. सोयगावसारख्या तालुक्यात तर अधिकच. अजिंठ्याच्या डोंगररांगांतला हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडे लागलेला खानदेश ब्रिटिश मुलखात. अशा सीमेवरच्या मुलखात शस्त्रांच्या कहाण्यांना तोटा नसतो. 'निजामाच्या फौजेतले', 'रझाकाराच्या हातून हिसकावलेले' अशी एक ओळ जोडली की त्याच लोखंडाची किंमत चढते. त्या ओळीला कागदाचा आधार नसेल तर तिचे मोल शून्य धरावे, हे बरे.

कहाणी तपासण्याची पहिली पायरी तशी सोपी आहे. उदाहरण याच जिल्ह्याशी नाते सांगणारे घेऊ. औरंगाबादेत शिक्षणासाठी राहिलेल्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ते शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांच्या साठ्याशी त्याचा संबंध जोडला गेला. आपल्याकडे बोलण्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द सर्रास अदलाबदलीने वापरले जातात. पण ब्राउनिंगला फिरते चक्र नसते, त्याची काडतुसे मुठीतल्या खोबणीत बसतात. तेव्हा 'नाशिक कटातले रिव्हॉल्व्हर' म्हणून कुणी चक्राचे शस्त्र समोर ठेवले, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवता येते.

यानंतर धातूकडे वळावे. आपल्याकडे संग्राहकांचा ओढा प्रामुख्याने ब्रिटिश वेब्लीकडे असतो. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात दाखल झालेल्या .४५५ बोअरच्या 'मार्क सहा' नमुन्यावर नमुन्याचे नाव, उत्पादनाचे वर्ष आणि अनुक्रमांक ठसठशीत असतात. काहींवर एनफिल्ड कारखान्याचा शिक्का असतो. सरकारी मालाची खूण म्हणजे बाण. टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसले, तर ते शस्त्र सैन्यातून रीतसर विकले गेले असे समजावे. चौकटीवरचा आणि चक्रावरचा क्रमांक जुळतो का, हे भिंगाखाली पाहावे. न जुळल्यास शस्त्र खोटे ठरत नाही, पण ते दोन शस्त्रांचे मिळून झालेले आहे, आणि किंमत त्या हिशेबाने उतरायला हवी. नव्याने चढवलेल्या काळ्या झळाळीला भुलू नये. त्यासाठी केलेल्या घासकामात ठशांच्या कडा बोथट होतात. अमेरिकेत गेलेल्या अनेक वेब्लींच्या चक्राची मागची बाजू .४५ चे काडतूस बसावे म्हणून तासली गेली, तीही उणीवच. आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी तर ब्रिटिश शस्त्रांच्या हुबेहूब नकला पिढ्यान्पिढ्या केल्या. त्या बहुधा अक्षरांत पकडल्या जातात: उलटा कोरलेला इंग्रजी 'एन', वेडावाकडा मुकुट. सातपुड्याच्या सीमाभागात गावठी शस्त्रांचे अड्डे पोलिसांनी वेळोवेळी उघड केले आहेत, हेही खानदेशाला लागून राहणाऱ्या खरेदीदाराने विसरू नये. आणि चालते का हे पाहण्यासाठी जुन्या शस्त्रातून गोळी झाडण्याचा मोह तर कदापि होऊ देऊ नये.

क्रमांक काय करू शकतो, याचे उत्तम उदाहरण भगतसिंगांच्या पिस्तुलाचे. १९२८ च्या सौंडर्स प्रकरणातले ते .३२ बोअरचे कोल्ट सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील संग्रहालयात वर्षानुवर्षे इतर शस्त्रांच्या गर्दीत पडून होते. काही वर्षांपूर्वी त्यावरचा रंग काढल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला, तो जुन्या नोंदींशी जुळला आणि एका निनावी शस्त्राला इतिहास मिळाला. पिस्तूल हाती होते, नोंदही होती. अडले होते ते रंगाच्या एका थरापाशी.

तथापि शस्त्र अस्सल निघाले म्हणजे ते घेता येते, असे नव्हे. किंबहुना खरी अडचण इथूनच सुरू होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि तिची परदेशी निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. पण तेवढ्याने शस्त्र कायद्यातून सुटका होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुन्या शस्त्राला सूट देते ती दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच. म्हणजे कायद्याला शस्त्र मेलेले हवे आणि संग्राहकाला ते मूळ स्वरूपात हवे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने 'क्युरिओ' वर्गातील शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची अट शिथिल केली खरी, परंतु ती वापरायला, घेऊन फिरायला वा त्यांची वाहतूक करायला परवाना लागतोच. एखादे शस्त्र या वर्गात बसते की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरत नाही. शिवाय .४५५ आणि .३८० बोअरची रिव्हॉल्व्हरे नियमांतील पहिल्या, निर्बंधित वर्गात मोडतात. जिल्हा पातळीवरच्या साध्या परवान्यावर मिळू शकते ते .३२ बोअरचे. ज्या वेब्लीसाठी संग्राहक झुरतो, नेमके तेच सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर राहते.

क्रमांक खोडलेल्या शस्त्राच्या बाबतीत कलम ८ अधिकच कठोर आहे. अशी खूण नसलेल्या शस्त्राची विक्री निषिद्ध आहे, आणि खोडलेला क्रमांक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. विनापरवाना शस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. स्वस्तात मिळालेल्या 'दुर्मीळ' शस्त्राचा हा हिशेब सौदा ठरण्याआधीच मांडावा लागतो.

सोयगावच्या खरेदीदाराला यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय गाठावे लागते, छत्रपती संभाजीनगर शहरातल्या माणसाला पोलीस आयुक्तालय. स्वतःच्या वापराचे परवानाधारी शस्त्र विकू पाहणाऱ्याने आधी तसे लेखी कळवायचे असते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे असते. विक्रेत्याकडे परवाना आणि त्या पत्राची पोच मागावी, त्यावरचा क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. रझाकाराची गोष्ट त्यानंतर निवांत ऐकता येईल.