तेलाचा राखणदार बियातच आहे

धाराशिव जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या जोडीने करडई व जवस ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आली आहेत. अलीकडे अनेक ठिकाणी लाकडी घाणे पुन्हा फिरू लागले असून महिला बचत गट व तरुण शेतकरी घाण्याचे तेल बाटल्यांत भरून विकीत आहेत. हा उद्योग सर्वथा स्वागतार्ह आहे. परंतु तेल गाळणे जितके सोपे, तितके ते टिकविणे सोपे नाही. पहिल्या बाटलीने जोडलेले गिऱ्हाईक दुसऱ्या बाटलीच्या खवट वासाने तुटते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, वर्षाचे तेल एकदम गाळून ठेवण्याची रीत सोडावी. साठवावयाचे ते बी. तेल लागेल तेवढेच गाळावे.

यामागील कारण समजण्यासाठी थोडे समुद्राकडे पाहू. कोकणात तारली व मुशी या माशांचे तेल लाकडी होड्यांना लावण्याची जुनी रीत आहे. हवेतील प्राणवायू शोषून ते तेल लाकडावर घट्ट बसते. आपल्या जवसाचे तेल रंगात व रोगणात घालतात ते याच गुणामुळे. होडीवर जो गुण, तोच ताटात दोष ठरतो. कारण तेलाशी प्राणवायूचा संयोग होणे हेच खवटपणाचे मूळ आहे. तेलातील स्निग्धाम्लांत जितके दुहेरी बंध अधिक, तितका हा संयोग त्वरेने होतो. शेंगदाण्याच्या तेलात विपुल असलेल्या ओलिक आम्लात एक बंध असतो. करडईच्या तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असलेल्या लिनोलिक आम्लात दोन, तर जवसाच्या तेलाचा निम्मा भाग व्यापणाऱ्या लिनोलेनिक आम्लात तीन बंध असतात. माशाच्या तेलातील काही आम्लांत हे बंध पाच-सहा असतात. ढोबळ मानाने ओलिक आम्लाचा वेग 1 धरल्यास लिनोलिकचा 10 ते 12 व लिनोलेनिकचा 20 ते 25 भरतो. म्हणजे माशाचे तेल टिकविण्यात जी अडचण, तिचीच धाकटी भावंडे आपल्या घरात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाच्या यकृताचे तेल येणे अडले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचे काम सुरू झाले. त्या तेलाचे मोल त्यातील अ जीवनसत्त्वात होते, आणि तेल खवट होताना हे जीवनसत्त्वही नष्ट होते. आज माशाचे तेल टिकविण्यासाठी टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, रोजमेरी नावाच्या वनस्पतीचा अर्क इत्यादी नैसर्गिक द्रव्ये वापरतात. शास्त्रात यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये म्हणतात. प्राणवायूचा पहिला घाव ती स्वतःवर घेतात आणि तेल वाचवितात. विशेष हे की, नैसर्गिक टोकोफेरॉल बव्हंशी सोयाबीन तेल शुद्ध करताना निघणाऱ्या गाळापासून मिळविले जाते. आपल्या जिल्ह्यातील शिवारे खरिपात ज्या पिकाने भरतात, तेच पीक सागरी तेलाचा राखणदार पुरविते!

तथापि हा राखणदार आहे, वैद्य नव्हे. ताज्या तेलात तो असेल तर खवटपणा लांबतो. एकदा खवटलेले तेल मात्र कोणत्याही पाल्याने, पावडरीने वा तापविण्याने पूर्ववत होत नाही. आणि अखंड बियात निसर्गाने हा राखणदार आधीच बसविला आहे. टरफलाने हवा बाहेर राहते आणि आतील टोकोफेरॉल तेलाला जपते. अखंड जवस नीट वाळवून ठेवला तर वर्षभर चांगला राहतो. त्याचीच कुटलेली चटणी काही आठवड्यांत वास धरते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. बी दाताखाली कट्‌कन मोडेल इतके वाळवून कोरड्या जागी ठेवावे. तेल महिन्याच्या बेताने गाळावे. भांडे काठोकाठ भरून घट्ट झाकावे आणि उन्हापासून व चुलीपासून दूर, अंधारात ठेवावे. पारदर्शक बाटल्या दुकानासमोर उन्हात मांडू नयेत. तांब्याचे वा कल्हई उडालेले पितळेचे भांडे वापरू नये. तांब्याने खवटपणा वेगाने वाढतो. जुन्या तेलाच्या तळाशी नवे तेल ओतणे म्हणजे दुधाला विरजण लावण्यासारखेच आहे. भांडे धुऊन पूर्ण वाळवूनच भरावे. तिळाच्या तेलात सेसमॉल इत्यादी स्वाभाविक रोधके असल्याने, घरच्या वापरासाठी करडईच्या तेलात थोडे तिळाचे तेल मिसळणे हितकर आहे. मिश्र तेल विकावयाचे असल्यास मात्र अन्नसुरक्षा परवाना व ॲगमार्क यांचे नियम पाळावे लागतात.

घाण्यावर वारंवार जाणे परवडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल, व तो खोटा नाही. परंतु चार-पाच घरांनी मिळून बी एकत्र नेले, पाळीपाळीने फेरी केली, तर खर्च वाटला जातो. बचत गटांनी मागणी आधी नोंदवून तेवढेच तेल गाळावे आणि प्रत्येक बाटलीवर गाळल्याची तारीख लिहावी. तारीख लिहिण्यास लाज वाटू नये असे तेल विकणे, हीच खरी जाहिरात होय.

शेवटी एक इशारा. खवट तेल फेकवत नाही म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात घालण्याचा मोह होतो. तसे करू नये. खवट तेल खाद्यातील ई जीवनसत्त्व नष्ट करते, आणि त्याच्या अभावी पिलांच्या मेंदूस विकार होऊन ती लटपटतात, मान टाकतात व मरतात.

ग्रामसेवकांनी व कृषी कार्यकर्त्यांनी करडईची रास होताच गावात ही चर्चा घडवून आणावी. एकाच बियाचे तेल दोन बाटल्यांत भरून एक उन्हात व एक अंधारात ठेवावी आणि महिन्याने दोन्हींचा वास गावकऱ्यांस घ्यावयास लावावा. व्याख्यानाने जे पटणार नाही, ते नाक पटवील.