अनपेक्षित कोणाला?

डिसेंबर २०१८च्या चोविसाव्या तारखेची सकाळ आम्हा दोघांच्याही चांगली लक्षात आहे. आदल्या दिवशी, रविवारी, जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली होती. पुण्याच्या गतविजेत्या अभिजित कटकेला बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने ११-३ असे हरविले होते. आमच्या जिल्ह्याचे नाव एरवी वर्तमानपत्रात येते ते दुष्काळ, कापूस-सोयाबीनचे भाव किंवा शेतकऱ्यांच्या आत्महत्या या संदर्भात. त्या दिवशी ते क्रीडापानावर आले होते, आणि तेही मथळ्यात. तासिका सुरू होण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा आपल्या कोन्या गावचा हाये?" दुसऱ्याने लगेच जोड दिली, "आन् त्यानं कटकेले पाडलं कसं?"

आम्ही दोघेही मराठी शिकवितो. कथानक, संघर्ष, कलाटणी हे शब्द आमच्या तोंडी रोजचे. तरीही या दोन साध्या प्रश्नांपुढे आम्ही निरुत्तर झालो. आज इतक्या वर्षांनी त्या प्रश्नांकडे पुन्हा वळावेसे वाटते, ते कुस्तीचे जाणकार म्हणून नव्हे. एका निकालाचे वाचन आपण कसे करतो हे तपासण्यासाठी.

प्रथम दुसरा प्रश्न घेऊ. निकालाविषयी सर्वत्र वापरला गेलेला शब्द 'अनपेक्षित' हा होता. त्यामागे कारणे नव्हती असे नाही. कटके सलग तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत उतरला होता. २०१६ साली तो विजय चौधरीकडून हरला, २०१७ साली भूगावला किरण भगतला हरवून त्याने गदा मिळविली. महाराष्ट्र केसरीच्या रचनेत गादी आणि माती असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते शेवटी गादीवर एकमेकांसमोर येतात. कटके गादीतून आला होता, बाला मातीतून. मातीतला मल्ल गादीवर येऊन गादीच्याच विजेत्याला हरवितो, ही गोष्ट कोणाही प्रेक्षकाला धक्का देणारीच.

परंतु गुणफलक काय सांगतो? फ्रीस्टाइलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तेथेच थांबते. येथे आघाडी आठ गुणांची होती. शेवटच्या क्षणी एखादा डाव लागला, पंचांनी एखादा गुण इकडचा तिकडे दिला, असा हा निकाल नाही. विद्यार्थ्याचा 'पाडलं' हा शब्द येथे नेमका नव्हता. कुस्ती चितपट झाली नाही, ती गुणांवर झाली. पण गुणांवरची ही कुस्ती एखाद्या चितपट कुस्तीइतकीच निःसंदिग्ध होती. ज्याला आपण चमत्कार म्हणतो तो साधारणतः एका क्षणात घडतो. अकरा गुण हे एका क्षणाचे काम नव्हे.

मग अनपेक्षित होते ते कोणाला? बालाचा प्रवास ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना, म्हणजे आपल्याला. कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तो घडला आणि पुढे पुण्याच्या हनुमान आखाड्यात गणेश दांगट यांच्याकडे त्याने मेहनत केली. आंदळकर म्हणजे १९६०चे हिंदकेसरी, १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकविजेते, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेले मल्ल. सप्टेंबर २०१८मध्ये ते गेले. तीन महिन्यांनी त्यांच्या शिष्याच्या खांद्यावर गदा आली. या परंपरेत वाढलेल्या मल्लाचा विजय 'अनपेक्षित' ठरवायचा, म्हणजे आपल्या अज्ञानाला बातमीचा दर्जा द्यायचा.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीचा मोठा व्यवसाय आहे. अँटोनियो इनोकी यांनी १९७२ साली स्थापन केलेली न्यू जपान प्रो-रेसलिंग ही संस्था १९९१पासून 'जी-वन क्लायमॅक्स' नावाची साखळी स्पर्धा भरविते. त्या कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक असते. तरीही एखाद्या दुय्यम मल्लाने साखळीत विजेत्याला हरविले की सभागृह दणाणून जाते. कारण पुढची गोष्ट तेथून सुरू होते; हरविणाऱ्याला पुढे किताबासाठी आव्हान देण्याचा हक्क मिळतो. तेथे धक्का हा लेखकाने योजलेला असतो. रोलाँ बार्थ यांच्या १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मधील पहिलाच निबंध फ्रान्समधील अशा कुस्तीवर आहे. ती खेळ नसून देखावा आहे, प्रत्येक हावभावाचा अर्थ तेथे पूर्णपणे उघड असतो, असे त्यांचे प्रतिपादन. पदव्युत्तर वर्गात चिन्हमीमांसा शिकविताना तो निबंध आम्ही हमखास वापरतो.

आमच्या मते जालन्याच्या आखाड्याला मात्र ती फूटपट्टी लावता येत नाही. तेथे लेखक नव्हता. दोन मल्ल, पंच आणि घड्याळ एवढेच होते. गोष्ट निकालानंतर रचली गेली, आणि ती आपण रचली. जपानी स्पर्धेचा लेखक निदान पुढील भागाची जबाबदारी घेतो; आपण निकालाला गोष्टीचा पोशाख चढवितो आणि दुसऱ्या दिवशी मोकळे होतो. ती गोष्ट रचताना आपण जिंकणाऱ्याची मेहनत दैवाच्या खात्यावर टाकतो आणि हरणाऱ्याची योग्यता काढून घेतो. कटके त्या दिवशी 'कोसळला' असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की जानेवारी २०२३मध्ये हैदराबादला तोच हिंदकेसरी झाला. आणि जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीला झालेल्या पुढच्याच महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत ना बाला होता ना कटके. नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून गदा नेली. आखाडा कोणाच्याही कथानकाची वाट पाहत नाही.

बालाच्या नावावरूनही पुष्कळ भावुक बोलले गेले. हनुमान आखाड्यातला शेख, म्हणून सलोख्याचे प्रतीक, वगैरे. भावना चांगली आहे. परंतु प्रतीक करताना माणूस अपवाद ठरतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख, २००२ साली मुन्नालाल शेख महाराष्ट्र केसरी झाले होते. तालमीत मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करून लाल माती अंगाला लावणारा शेख ही तेथील रोजची बाब आहे. नवलाची वाटते ती तालमीबाहेरच्यांना.

आता पहिला प्रश्न, जो आम्हाला अधिक बोचतो. बाला 'आपल्या' कोणत्या गावचा? कोणत्याच नाही. तो सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा. कोल्हापूर आणि पुणे येथे तो शिकला आणि बुलढाण्याच्या नावावर खेळला. यात गैर काहीच नाही. प्रत्येक जिल्ह्याला या गटात मोजक्याच जागा असतात. जेथे चुरस फार तेथील मल्लाने दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरणे ही रूढ वाट आहे. परंतु ही वाट कोठून कोठे जाते हेही पाहिले पाहिजे. ती तालमी असलेल्या मुलुखाकडून तालमी नसलेल्या मुलुखाकडे येते. आमची जागा रिकामी होती, म्हणून ती त्याला मिळाली.

आमच्या भागात कुस्ती नाही असे मुळीच नाही. यात्रेला आम दंगल भरते, हलगी वाजते, नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते, शेवटच्या जोडीवर इनाम लागते. सिंदखेडराजा, देऊळगावराजा येथून जालना हाकेच्या अंतरावर. त्या लढतीला आमच्याकडचे शौकीन गेले नसते तरच नवल. उणीव आहे ती वर्षभराची: वस्तादाची, खुराकाची, पहाटेच्या मेहनतीची, आणि पोराला चार-पाच वर्षे न कमावता राहू देण्याच्या घरच्या ऐपतीची. अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हाही आम्ही असेच 'आपला' म्हणून आनंदलो होतो. पण त्या आनंदाला आधार होता. ती कादंबरी याच मातीच्या नांगरटीतून आली होती. ज्या शेतकरी घरांची कहाणी तिच्यात आहे, त्या घरांतून महाराष्ट्र केसरी का घडत नाही, याचे उत्तरही तिच्यातच शोधता येते. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नात दूध-बदाम बसत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की त्या विजयाचा आनंद आम्ही मानावा, पण मालकी सांगू नये. बालाने जिल्ह्याला नाव दिले. जिल्ह्याने त्याला एक जागा दिली. हा व्यवहार बरोबरीचा नाही. त्यात आमच्याकडे देणे निघते. ते फेडायचे तर सत्काराच्या फलकांनी नव्हे. एखाद्या तालुक्याच्या गावी वर्षभर उघडी राहणारी तालीम उभी राहिली, तर काही अंशी फिटेल.

त्या सकाळी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी खडकीचे नाव सांगितले. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याकडून खेळला, आपला नाही." त्याचे वाक्य आम्हाला मथळ्यापेक्षा अधिक अचूक वाटले.