रक्ताचा सिद्धांत आणि स्नानसंस्काराचे पाणी

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत आफ्रिकेतील रवांडा देशात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य तुत्सी होती. दोन टोळ्यांचे ते पुरातन वैर होते, असे त्या काळी जगभर छापून आले आणि आपणही ते वाचून पान उलटले. आम्ही म्हणतो, हे असत्य आहे. आणि मोठे सोयीचे असत्य आहे.

हुतू व तुत्सी यांची भाषा एक, डोंगरदऱ्या एक. त्यांच्यात उच्चनीचता होती, हे खरे. परंतु तिला ‘वंश’ हे नाव दिले युरोपने. १८६३ मध्ये स्पीक या इंग्रज प्रवाशाने तर्क लढवला की, या भागातील राज्यकर्ते इथिओपियाकडून आलेले श्रेष्ठ रक्ताचे लोक आहेत. या तर्काला नोहाचा पुत्र हाम याचे नाव चिकटवण्यात आले. वस्तुतः उत्पत्तीच्या पुस्तकात शाप आहे तो कनानला, आणि कातडीच्या रंगाचा तेथे उच्चारही नाही! पण साम्राज्याला शास्त्रार्थाशी काय कर्तव्य? बेल्जियमने तुत्सींना कारभारी नेमले, १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर वंश छापला, आणि तुत्सी स्वातंत्र्य मागू लागताच हुतूंना जवळ केले. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच ओळखपत्र पाहून माणसे कापली गेली.

आणि जगाचे धुरीण? पहिल्याच आठवड्यात फ्रान्स व बेल्जियमचे सैनिक विमानांनी उतरले, ते गोऱ्यांना सुखरूप नेण्यासाठी. २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने आपली शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. अमेरिकेचे अधिकारी कित्येक आठवडे ‘वंशसंहार’ हा शब्द टाळत राहिले. आदल्या वर्षी सोमालियात अमेरिकन सैनिक मारले गेले होते, म्हणून हा संकोच, असे समर्थन केले जाते. मग गोऱ्यांसाठी विमाने कोठून आली? ज्या सिद्धांताने माणसांची प्रतवारी लावली, त्यानेच कोणाचे मरण मोजायचे हेही ठरवले.

परंतु केवळ परराष्ट्र खात्यांना दोष देऊन आम्हां धर्मगुरूंची सुटका नाही. तुत्सी सरदारांना हटवू नये, असा आग्रह शासनाकडे धरणारे लेऑन क्लास हे महागुरूस्वामी होते. १९९४ मध्ये रवांडातील निम्म्याहून अधिक प्रजा कॅथोलिक होती. न्यांगे येथे आश्रयाला आलेल्या लोकांवर चर्चची इमारत बुलडोझरने पाडली गेली. त्या गुन्ह्यासाठी तेथील धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. गिसेन्यीची फेलिसिते नियितेगेका मात्र हुतू असूनही, आपण आसरा दिलेल्या तुत्सींना सोडून गेली नाही आणि त्यांच्यासोबत मारली गेली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये ख्रिस्तसभेच्या व तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमायाचना केली.

ही क्षमायाचना आपलीही आहे काय? सोयरीक जुळवताना स्नानसंस्काराच्या दाखल्याआधी जात विचारणारी घरे आपल्या धर्मग्रामांत आजही आहेत. ज्या घरात पाण्यापेक्षा रक्त श्रेष्ठ ठरते, त्या घराने रवांडाला रानटी म्हणू नये.