सोप्या शब्दांची व्याख्या

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अवघड शब्दांचें भय वाटतें. आम्हांस सोप्या शब्दांचें वाटतें. ‘हँड’ म्हणजे हात व ‘आर्म’ म्हणजेहि हात, असें वहींत उतरून घेतलें कीं मुलाचें समाधान होतें. पण मनगटापुढील तो ‘हँड’ व खांद्यापासून मनगटापर्यंतचा तो ‘आर्म’, हा भेद त्या वहींत कोठें आला? ‘लेग’ व ‘फूट’ या दोहोंसहि आपण पायच म्हणतों. याहून मौजेची गोष्ट ‘बॉरो’ व ‘लेंड’ यांची. मराठींत उसनें देतां येतें आणि उसनें घेतांहि येतें, शब्द एकच. म्हणून पेन्सिल मागणारा मुलगा ‘बॉरो मी अ पेन्सिल’ असें बेधडक म्हणतो, आणि वर्ग कां हंसला हें त्यास उमगत नाहीं. तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, वहीचा आहे.

यास्तव सोप्या इंग्रजींतच अर्थ सांगणारा कोश प्रत्येकानें हाताळावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशांत ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीकाम, एवढ्या साध्या शब्दाची व्याख्या मूळ शब्दाहून कितीतरी दुर्बोध आहे! बंगालमध्यें अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनीं मात्र जेम्स एंडिकॉट यांच्या साह्यानें १९३५ सालीं काढलेल्या कोशांत सारे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत बसविले. १९८७ च्या कोबिल्ड कोशानें तर पूर्ण वाक्यांतच अर्थ सांगण्याची रीत घातली, व ‘बॉरो’सारख्या शब्दास तीच उत्तम.

तथापि मराठीस वर्गाबाहेर घालवावें, असें आम्ही म्हणत नाहीं. ‘स्पॅरो’ म्हणजे लहानसा तपकिरी पक्षी, हें ऐकून कोणास काय बोध होणार? चिमणी म्हणावें आणि पुढें जावें.

खरें भय निराळेंच आहे. मुलें व्याख्याहि पाठ करूं लागतात! त्यापेक्षां ‘चेअर’ची व्याख्या ज्यानें त्यानें स्वतः करून पहावी. बसण्याची वस्तु म्हटलें तर घोडाहि तींत येतो. चार पायांची म्हटलें तरी तो जात नाहीं. पाठ टेकण्याची सोय सुचेपर्यंत घंटा झाली, तरी तो तास फुकट गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.