भोंगा वाजल्यानंतर मुलांनी खेळायचे कोणाशी?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचा गावाचा नियम आहे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानेही तोच मार्ग पत्करला. त्याच महिन्याच्या १० तारखेपासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना कायद्याने मज्जाव झाला आणि तशा निर्बंधाची चर्चा गोव्यातही सुरू झाली. मुलांच्या हातून काय काढून घ्यायचे, यावर बऱ्यापैकी एकमत होत आहे. त्या हातांत काय द्यायचे, हा विषय मात्र चर्चेत क्वचितच येतो.

वडगावाने तो दीड तास प्रामुख्याने अभ्यास व वाचनासाठी राखला. त्यात वावगे काही नाही. मोठ्यांनीही मालिका बंद ठेवल्या, हे तर विशेषच. परंतु मोकळा झालेला वेळ अभ्यासाच्याच पदरात टाकण्याची आपली सवय इथेही दिसते. खेळाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो, आणि तोही प्रशिक्षक, गणवेश व शुल्क यांसह. क्रिकेटच्या वर्गात मूल कौशल्य मिळवते, हे मान्य. भातुकलीत मात्र नियम ठरवणारे, ते मोडणारे आणि भांडून पुन्हा डावात परतणारे मूल एकच असते.

बिदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ दुबलगुंडी हे गाव आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत हा मुलूख हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तरी मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू तेथे शेजारी नांदतात. अशा सीमाभागात एकाची विटीदांडू दुसऱ्याची चिन्नीदांडू होते, लगोरी मात्र दोन्ही भाषांत लगोरीच राहते. समोरच्याची भाषा पुरती येत नसताना डाव मांडायचा, तर खुणा, नक्कल आणि तडजोड यांवाचून भागत नाही. उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करून पूजतात, ती मण्णेत्तिन अमावास्या. मराठवाड्यातला पोळा दोन महिन्यांनी, श्रावण अमावास्येला येतो. मातीचा गोळा हा बैल आहे, असे दोन मुलांनी मिळून मानले की तो बैल होतो. मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ मध्ये काठीच्या घोड्याच्या उदाहरणातून हेच मांडले होते: खेळात मूल वस्तूपासून अर्थ वेगळा करायला शिकते, आणि पुढच्या अमूर्त विचाराची वाट तिथूनच जाते.

‘दोन मुलांनी मिळून’ या शब्दांपाशी गोव्याची अडचण सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण जननदर १.३ आहे, कर्नाटक व महाराष्ट्रात तो १.७. भावंड नसलेल्या मुलांची संख्या वाढणार, हे उघड आहे. त्यात २०२५ पासून सहावीच्या पुढील बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. ज्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लहान वर्गांसाठी खेळातून शिक्षणाचा आग्रह धरला, त्याच धोरणाच्या अंमलबजावणीसाठी मोठ्या मुलांची सुट्टी आक्रसावी, हा विचित्रच योग. मे महिना शिल्लक आहे, हे खरे; तरी आजोळी आते-मामे भावंडांच्या सुट्ट्या जुळण्याचे दिवस कमी झालेच.

अशा वेळी शेजारचे मूल हेच भावंड. वडगावच्या भोंग्याचे मर्म मला इथे जाणवते: तो सगळ्या घरांसाठी एकाच क्षणी वाजतो. एकट्या घराने मोबाईल बंद केला, तर ते मूल गॅलरीत एकटेच उभे राहते. वाड्यावरची दहा मुले एकाच वेळी मोकळी झाली, तर खेळ आपोआप जमतो. त्यासाठी पंचायतीला मोठा निधी लागत नाही. शाळा सुटल्यावर मैदानाचे फाटक तासभर उघडे ठेवणे आणि त्या तासात कोणाचीही शिकवणी न ठेवणे, एवढे ग्रामसभेत ठरवता येईल. फक्त वेळ बदलावी लागेल. हिवाळ्यात सात वाजता अंधार पडलेला असतो. खेळाचा भोंगा साडेपाचलाच वाजवावा लागेल, आणि नेमकी तीच आज बऱ्याच घरांत शिकवणीला निघण्याची वेळ आहे.