मूर्च्छा आली असतां

गतवर्षीं गणेशचतुर्थीस, आमच्या दिवाळे येथील घरीं आरती चालू असतां, धाकटी सून पांढरीफटक पडून कोसळली. आदल्या दिवशींचा हरितालिकेचा निर्जळी उपवास, रात्रींचें जागरण, आणि त्यांत खाडीकांठचा उकाडा! आम्हीं तीस उचलून खुर्चीवर बसविलें. तोंच हातापायांस झटके येऊं लागले. कोणी ‘फेफरें’ म्हणालें, कोणी ‘बाधा’. वर्षांतील ही तिसरी वेळ. बिचारी लाजेनें अर्धी झाली.

डॉक्टरांनीं यंत्रास हात लावण्यापूर्वीं तिला व पाहणारांस पुष्कळ प्रश्न विचारले. पडण्यापूर्वीं मळमळ, घाम व डोळ्यांपुढें अंधारी आली होती. जमिनीवर निजवितांच ती शुद्धीवर येऊन सर्वांस ओळखूं लागली. जीभ चावली गेली नव्हती. एवढ्यावरून अर्धें निदान झालें. मग निजवून व उभें करून रक्तदाब मोजला, ई.सी.जी. काढला, तो निर्दोष निघाला. फेफरें नव्हतेंच.

या मूर्च्छेचें सुप्रसिद्ध विवरण लंडनचे सर टॉमस लुईस यांनीं १९३२ सालीं केलें. फार वेळ उभें राहिल्यानें रक्त पायांत सांचतें; मग मज्जातंतूंच्या उलट्या प्रतिक्रियेनें हृदय मंदावतें, रक्तवाहिन्या सैलावतात व मेंदूस रक्त कमी पडतें. मनुष्य आडवा झाला कीं तें पुन्हां पोहोंचतें. आम्हीं तीस बसतें केलें, तेथेंच चुकलों! मूर्च्छा वेग ओसरतांच आपोआप शमते, संन्यास मात्र औषधावांचून शमत नाहीं, हा भेद चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत २४ व्या अध्यायीं सांगितलेलाच आहे. तो आम्हीं वाचला होता. प्रसंगीं आठवला नाहीं.

तरी वाचकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. अंधारी येतांच लाज न धरितां खालीं निजावें व पाय उंच करावे. तें शक्य नसल्यास पायांस पायांची तिढी घालून मांड्या व मुठी घट्ट आवळाव्या. पाणी भरपूर प्यावें. मीठ मात्र डॉक्टरांस विचारूनच वाढवावें. वृद्धांस मान वळवितांना वा गळपट्टी आवळल्यानेंही अशी मूर्च्छा येते.

परंतु श्रम करीत असतां किंवा निजलेल्या स्थितींत मूर्च्छा आली, छातींत धडधड झाली, अथवा कुळांत कोणास तरुणपणीं अकस्मात् मृत्यु आला असेल, तर तें हृदयाच्या रोगाचें चिन्ह असूं शकतें. तेथें घरगुती उपाय न करितां तत्काळ इस्पितळ गांठावें.

यंदा हरितालिकेस सुनेच्या हातीं पाण्याचें भांडें आम्हींच दिलें. सासूबाई प्रथम रुसल्या. मग त्यांनीं त्यांत लिंबू पिळलें.